मंथन कसले? ही तर चिठ्ठ्यांची आरास!

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेर येथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. १९३० साली याच दिवशी येथील अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ वीरांनी देह ठेवला. त्या आठ जणांची नावे सावकाश वाचावीत. पाटील, म्हात्रे, कोळी, न्हावी, कातकरी अशी ती एका रांगेत उभी आहेत. जातिभेदाच्या चर्चा ज्यांना व्यासपीठावरूनच करता येतात, त्यांनी एकदा या नावांपुढे उभे राहावे. हुतात्मा नाग्या महादू कातकरी यांनी कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती. पण रान कोणाचे आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यांना स्वच्छ कळला होता. ज्या कायद्याविरुद्ध हे लोक उभे ठाकले, तो कायदा लिहिताना रानात राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले नव्हते. दूरच्या शहरातील एका टेबलाभोवती काही विद्वान बसले, त्यांनी रानाचे वर्गीकरण केले आणि ज्याच्या घराण्याचे नावच खैराच्या काथावरून पडले, तो कातकरी आपल्याच रानात गुन्हेगार ठरला.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. चिरनेरचे नाव आता एका नव्या नकाशावर आले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. कर्नाळा-साई-चिरनेर हे त्या नवनगराचे नाव. लोकांच्या तोंडी ती ‘तिसरी मुंबई’ झालीही. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे झाले. त्याच परिसरात विदेशी विद्यापीठांची शिक्षणनगरी उभी करण्याचा संकल्प आहे आणि जून २०२५ मध्ये अशा पाच संस्थांना इरादापत्रेही देण्यात आली. विमानतळ, पंचतारांकित निवास आणि विद्यापीठ एका ठिकाणी आले की आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदा मागोमाग येतातच. त्या याव्यात. त्यांचे स्वागतच आहे. प्रश्न इतकाच, की त्या परिषदांत चिरनेरचा माणूस खुर्च्या मांडायला असेल, की खुर्चीवर बसायला?

एका परिषदेतील पाऊण तास

हा प्रश्न कल्पनेतून आलेला नाही. काही वर्षांपूर्वी मुंबईत भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेला वार्ताहर म्हणून जाण्याचा योग आला. मी कलाशाखेचा पदवीधर. शोधनिबंधातील समीकरणे माझ्या आवाक्याबाहेरची. पण दुपारच्या सत्रात ‘सामूहिक विचारमंथन’ होते आणि एका टेबलावर एक खुर्ची रिकामी राहिली होती. आयोजकांनी मला तेथे बसविले. विषय होता हवामानबदल आणि किनारपट्टीवरील गावे. टेबलावर गुलाबी, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्यांच्या वड्या ठेवलेल्या. संचालन करणाऱ्या बाईंनी इंग्रजीत नियम सांगितले : मनात येईल ते लिहा, जितके अधिक तितके चांगले, आणि कोणाच्याही कल्पनेवर टीका करू नका.

पंधरा मिनिटांत फलक चिठ्ठ्यांनी भरून गेला. ‘लोकसहभाग’ हा शब्द तर पाच चिठ्ठ्यांवर होता. त्या टेबलाभोवती ‘लोक’ मात्र एकही नव्हता. आमच्यात एक परदेशी संशोधिका होती. तिने विचारले, ‘समुद्राचे पाणी अडविणारा बांध स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेला कोणी येथे आहे का?’ सगळे एकमेकांकडे पाहू लागले. उधाणाच्या भरतीत खारबंदिस्तीला खांड पडली की काय होते, उघाडीची फळी वेळेवर न उघडल्यास पावसाचे पाणी किती दिवस भातात उभे राहते, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस त्या सभागृहापासून खाडीपलीकडे, तासा-दोन तासांच्या अंतरावर, आपल्या शेतात होता. संशोधिकेच्या प्रश्नाला उत्तर मिळण्यापूर्वीच वेळ संपल्याची घंटा झाली. सर्वांनी फलकासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेतले. मी निघालो तेव्हा सफाई कर्मचारी त्या चिठ्ठ्या काढून गोणीत भरीत होता.

याला मंथन म्हणायचे? आपल्याकडील समुद्रमंथनाची कथा लहान मुलांनाही पाठ असते. वासुकीची दोरी दोन्ही बाजूंनी ओढली गेली, म्हणून मंदार फिरला. एकाच बाजूचे लोक दोरी धरून उभे राहिले असते तर थेंबभर अमृत हाती लागले नसते. शिवाय अमृताच्या आधी हलाहल वर आले आणि ते पचविणारा कोणी तेथे हजर होता. विरोध नाही, हलाहल नाही, उत्तरदायित्व घेणारा कोणी नाही, अशा सोहळ्याला दुसरे काही नाव द्यावे. मंथन हा शब्द तरी बाटवू नये.

उसनी पद्धत आणि तीही अर्धी

ही चिठ्ठ्यांची पद्धत आली कोठून? अॅलेक्स ऑसबॉर्न नावाचे एक अमेरिकी गृहस्थ तिचे जनक. ते शास्त्रज्ञ नव्हते, जाहिरात व्यवसायातील होते. साबणाच्या वा मोटारीच्या जाहिरातीसाठी नवनव्या कल्पना सुचाव्यात म्हणून त्यांनी आपल्या संस्थेत ही रीत रूढ केली आणि १९५३ च्या ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली. टीका टाळा, संख्या वाढवा, विक्षिप्त कल्पनांचेही स्वागत करा, एकमेकांच्या कल्पना जोडा, हे तिचे चार नियम. यात निंद्य काहीच नाही. ऑसबॉर्न यांनी टीका कायमची हद्दपार केली नव्हती. ती पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवली होती. आपल्या परिषदांनी पहिला टप्पा उचलला आणि दुसरा वाटेतच टाकून दिला. चाळणी बाजूला ठेवून पीठ मळायला घेण्याचा हा प्रकार.

गंमत अशी, की ज्या पाश्चात्त्य पद्धतीचे आपण इतके कौतुक करतो, तिची परीक्षा पाश्चात्त्यांनीच घेऊन टाकली आहे. १९५८ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी चौघांचा गट आणि एकेकटे बसून विचार करणारे चौघे अशी तुलना केली. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या तेव्हा त्या गटापेक्षा संख्येने अधिक भरल्या आणि गुणवत्तेतही कमी पडल्या नाहीत. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोब या संशोधकांनी त्याचे एक प्रमुख कारण दाखवून दिले : गटात एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि थांबता थांबता त्यांचा विचारच विरून जातो. विज्ञानाच्या परिषदा भरविणाऱ्यांनी विज्ञानाचा हा निष्कर्ष तरी वाचायला नको का?

याचा अर्थ एकत्र बसणेच व्यर्थ, असा नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० जण जमले. एका जीवाचा जनुकांश दुसऱ्यात जोडण्याचे तंत्र तेव्हा नुकतेच हाती आले होते आणि त्यातील धोक्यांच्या शंकेने शास्त्रज्ञांनी स्वतःहूनच काही प्रयोग थांबविले होते. पॉल बर्ग यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या परिषदेत शास्त्रज्ञांबरोबर विधिज्ञ आणि पत्रकारही होते. खडाजंगी झाली, मतभेद उघड झाले आणि अखेरीस कोणता प्रयोग किती बंदोबस्तात करावा, याची श्रेणीवार तत्त्वे ठरली. पुढील शासकीय नियमांचा पाया त्यातून घातला गेला. प्रश्न नेमका होता, विरोधाला वाव होता आणि निर्णय केल्याशिवाय उठायचे नाही असा निर्धार होता, म्हणून हे साधले. तेथेही सामान्य नागरिकाला आसन नव्हते, ही टीका पुढे झालीच, आणि ती रास्त आहे.

चैत्ररथ वनातील परिषद

आता आपल्या घराकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय किती सुशिक्षितांनी उघडून पाहिला असेल? चैत्ररथ वनात ऋषी आणि वैद्य जमले आहेत. प्रश्न एकच : रस किती? भद्रकाप्य म्हणतात, एक. शाकुंतेय म्हणतात, दोन. मौद्गल्य तीन सांगतात, कौशिक चार, भरद्वाज पाच, राजर्षी वार्योविद सहा, विदेहाचा निमी सात, धामार्गव आठ. आणि बाल्हीक देशातून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागातून आलेले वैद्य कांकायन म्हणतात, रस अगणित आहेत! प्रत्येकाचे म्हणणे कारणांसह नोंदविलेले आहे. शेवटी पुनर्वसू आत्रेय सर्वांचा परामर्श घेऊन सहा रसांचा सिद्धान्त मांडतात आणि इतरांची मते का टिकत नाहीत, हेही सांगतात. ब्राह्मण, राजर्षी, परदेशी वैद्य एकाच मंडळात, एक प्रश्न, मुक्त मतांतर, आणि कारणासह निष्कर्ष. आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेतील गटचर्चा याहून वेगळी काय असते?

त्याच संहितेच्या विमानस्थानात अशा चर्चेचे शास्त्रच दिले आहे. समविद्य लोकांच्या चर्चेला चरक ‘तद्विद्यसंभाषा’ म्हणतात आणि तिचे दोन प्रकार करतात : मैत्रीने, ज्ञान वाढविण्यासाठी केलेली ‘संधाय संभाषा’ आणि प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी केलेली ‘विगृह्य संभाषा’. मैत्रीची चर्चा कोणाशी करावी, तर जो ज्ञानी आहे, रागावत नाही, मत्सर करीत नाही आणि समजावून सांगण्याचे कष्ट घेतो त्याच्याशी. न्यायशास्त्राने तर वाद, जल्प आणि वितंडा यांतील भेद काटेकोर सांगितला. पूर्वपक्ष पूर्ण मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडायचा नाही, ही आपली शिस्त. ज्यांना भारतीय परंपरा म्हणजे केवळ गुरुवाक्य आणि मुकाट मान डोलावणे वाटते, त्या पुरोगामी पंडितांनी ही पाने अवश्य चाळावीत.

आणखी एक गोष्ट चरक सांगतात, ती चिरनेरच्या संदर्भात फार मोलाची आहे. वनौषधींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी जाणतात, असे संहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. लगेच पुढे हेही बजावले आहे, की केवळ नाव-रूप जाणून औषध कळत नाही. त्याची योजना जाणणारा तोच तत्त्ववेत्ता. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. वनवासी हा ज्ञानाचा पहिला धनी आहे, आणि त्याच्या ज्ञानाला परीक्षेची जोडही हवी आहे. एकाला वगळले की दुसरा पंगू.

आपल्याच माणसांना दोन शब्द

येथे स्वकीयांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले. संस्कृत ग्रंथांतील प्राचीन विज्ञानावर त्यात सत्र ठेवण्यात आले, ही आनंदाची गोष्ट होती. पण तेथे प्राचीन विमानांविषयी जे दावे झाले, त्यांनी साऱ्या सत्रावर पाणी पडले. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार घेतला जातो, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच केली होती. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या सत्रात एक जरी खमका पूर्वपक्षी बसविला असता, तर सुश्रुताची शल्यविद्या आणि भास्कराचार्यांचे गणित यांना मिळायला हवी होती ती जागा वृत्तपत्रांतील थट्टेने घेतली नसती. अभिमानाला पुराव्याचे कवच नसेल, तर तो पहिल्याच वारात जायबंदी होतो. टीकाकारांना आनंद झाला हे खरे. पण संधी आपणच दिली होती.

पुरावा कसा जिंकतो, हेही आपण पाहिले आहे. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत एकस्व देण्यात आले. गोव्याच्या माशेलात जन्मलेले, मुंबईच्या पालिका शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. आरडाओरड केली नाही. जुने लिखित दाखले पुढे ठेवले. १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. आजीच्या बटव्यातील ज्ञान कागदावर, तारखेसह, नोंदलेले असेल तरच ते जगाच्या न्यायालयात उभे राहते, हा त्याचा धडा.

वेगळी पंगत कशासाठी?

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात, विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन झाले. महिलांची, शेतकऱ्यांची, बालकांची आणि जनजातींची अशी स्वतंत्र संमेलने त्याला जोडलेली होती. हेतू स्तुत्य होता. पण विद्वानांचे १४ विभाग एकीकडे आणि शेतकरी, जनजाती दुसऱ्या मांडवात, ही रचना मनाला टोचते. पंगत वेगळी मांडली की आदरातिथ्य कितीही करा, पाहुण्याला कळायचे ते कळते. सामाजिक समरसतेचा विचार ज्ञानाच्या पंगतीला लागू होत नाही काय?

आज तर ही घडी नव्याने बसविण्याची संधी आहे. जानेवारी २०२४ साठी ठरलेले विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरलेच नाही. दुसरीकडे ३ ते ५ नोव्हेंबर २०२५ या दिवसांत नवी दिल्लीच्या भारत मंडपममध्ये उदयोन्मुख विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष यांची मोठी परिषद झाली. देश-विदेशांतील ३ हजारांहून अधिक सहभागी आणि ११ विषय. त्यांत नील अर्थव्यवस्था आणि शेतीतील नवे तंत्रज्ञानही होते. त्याच व्यासपीठावरून संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांच्या निधीची योजना सुरू झाली. पैसा आहे, इच्छा आहे. मग चर्चेची पद्धत तेवढी उसनी का?

काही जण विचारतील, कातकऱ्याला रेणुशास्त्र काय कळणार? विज्ञान बहुमताने ठरते काय? नाही ठरत. पण निरीक्षण कोणाचे आधी होते, हेही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये याच चिरनेरात बर्ड फ्लूने कोंबड्या दगावल्या. १ किलोमीटरचा परिसर बाधित ठरला, १० किलोमीटरपर्यंत देखरेख आली, निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. विषाणूचे नाव प्रयोगशाळेने सांगितले. पण खुराड्याचे दार सकाळी उघडणाऱ्या गृहिणीला आपले पाखरू मलूल झाल्याचे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी दिसते. तिने ते कोणाला सांगावे, कोणत्या भाषेत सांगावे आणि सांगितल्यावर भरपाईची खात्री तिला आहे का, या प्रश्नांवर पुढच्या साथीचा वेग ठरतो. मानव आणि पशू यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटचर्चेत ती गृहिणी नसेल, तर त्या चर्चेचा पहिला दिवस वाया गेला असे खुशाल समजावे.

मग करावे काय?

मागण्या फार नाहीत आणि खर्चाच्याही नाहीत. पहिली : प्रश्न एका वाक्यात, महिनाभर आधी सहभागींच्या हाती द्यावा. ‘किनारपट्टी आणि हवामान’ हा प्रश्न नव्हे. ‘खारबंदिस्तीची देखभाल कोणी आणि कशी करावी’ हा प्रश्न होय. दुसरी : आधी एकांत, मग एकत्र. पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने मौन पाळून लिहावे; मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या पदाच्या माणसाला मग इतरांचा विचार गिळता येणार नाही. तिसरी : ज्याच्या जगण्याचा प्रश्न आहे, तो त्याच टेबलावर, त्याच मानाने आणि त्याच मानधनाने बसावा, चर्चा त्याच्या भाषेत व्हावी. महाराष्ट्रात भरणाऱ्या परिषदेत मराठीतून एक गट चालविणे अशक्य असेल, तर अडचण मराठीची नसून आयोजकांच्या मनाची आहे. त्याने दिलेल्या ज्ञानाची नोंद त्याच्या आणि त्याच्या गावाच्या नावाने व्हावी. हळदीचा धडा विसरू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही अशा ज्ञानाच्या धन्याला लाभातील वाटा मान्य केला आहे. चौथी : प्रत्येक गटात एक पूर्वपक्षी नेमावा, विरोध करणे हेच त्याचे कर्तव्य असावे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची : निष्कर्ष लेखी असावा, त्याखाली जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदत असावी, आणि पुढील वर्षीच्या परिषदेचे पहिले सत्र ते कागद वाचून सुरू व्हावे. ज्या परिषदेला मागच्या वर्षीचे उत्तर देता येत नाही, तिला यंदाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही.

वाचकहो, कार्यकर्त्यांना गटशः चर्चा आणि त्यानंतरचे वृत्तनिवेदन नवे नाही. आपल्या गावच्या विज्ञान प्रदर्शनात, महाविद्यालयाच्या परिसंवादात, जलसंधारणाच्या बैठकीत ही शिस्त उद्यापासून पाळता येईल. शासनाने करावे असे म्हणून स्वस्थ बसणे हा आपला संस्कार नाही. आपल्याही बैठकांत माना डोलावणारेच भरले असतील, तर आधी तेथे एक पूर्वपक्षी बसवा.

कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरात उद्या जगभरचे शास्त्रज्ञ येतील. आराखडे मांडले जातील, सादरीकरणे होतील, टाळ्या वाजतील. त्या सभागृहापासून अक्कादेवीचा डोंगर फार दूर नसेल. १९३० मध्ये ज्यांना न विचारता नियम झाले, त्यांनी प्राण देऊन उत्तर दिले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना निदान एक खुर्ची आणि त्यांच्या भाषेत एक प्रश्न, एवढे तरी स्वतंत्र भारताच्या विज्ञानाने द्यावे. ती खुर्ची रिकामी राहिली, तर सभागृहातील फलकावर कितीही रंगीत चिठ्ठ्या चिकटोत. संध्याकाळी त्या गोणीतच जाणार.